तीन पोती कागद आणि एक वर्षश्राद्ध

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमचे आजोबा गेल्या कार्तिकात गेले. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. शाळेच्या दाखल्यावर जन्म १९३४. आमचं गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आता लातुरात आहे. आबांनी वाचनालय काढलं, दूध सोसायटी चालवली, शाळेला जागा दिली, बहात्तरच्या दुष्काळात गावाला कामं आणली. सोसायटी पुढे बंद पडली. वर्षश्राद्धाला स्मृतिग्रंथ काढायचं घरात ठरलंय. त्याला सात महिने उरलेत, आणि ‘तू शिकलेली’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय. मी नोकरीला पुण्यात. गावी कागदांनी भरलेली तीन पोती आहेत, एकाला वाळवी लागलीय. मोठे काका म्हणतात, सोसायटीचा विषय काढायचा नाही आणि आबांना स्वातंत्र्यसैनिक लिहायचं. धाकट्या काकांना चौकात पुतळा हवाय. आजी पंच्याऐंशीची आहे, ती यातलं काहीच बोलत नाही. सुरुवात कुठून करू? – एक नात

ताई,

तुमच्या पत्रात चार क्रियापदं आहेत: काढलं, चालवली, दिली, आणली. स्मृतिग्रंथाचं खरं काम म्हणजे या चार शब्दांची शहानिशा. ती झाली की पुस्तक जवळजवळ लिहून झालेलं असतं. ती न करता उरतात ती विशेषणं: थोर, निःस्वार्थी, ऋषितुल्य, आधारवड, अजातशत्रू. अशा पुस्तकातून नाव बदललं तर ते शेजारच्या गावच्या आबांनाही चालतं. (आणि ‘अजातशत्रू’ तर जपूनच लिहा. ज्यानं वर्षानुवर्षं सोसायटी चालवली त्यानं थकबाकी मागितली असणार, आणि थकबाकी मागणाऱ्याचे शत्रू असतातच.)

पण सुरुवात पोत्यांपासून करू नका. आजीपासून करा. कागद आणखी महिनाभर थांबतील. पंच्याऐंशीच्या माणसाच्या बाबतीत तो भरवसा धरू नये. मुलाखतींचा क्रम नेहमी वय आणि तब्येत पाहून लावायचा, मोठेपणा पाहून नाही. आमदारसाहेब पुढच्या महिन्यातही भेटतील.

आजी बोलत नाहीत याचं एक साधं कारण असू शकतं: त्यांना ठाऊक असलेलं कुणी विचारतच नाही. ‘आबा कसे होते?’ असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर येतं, ‘देवमाणूस’, आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी हातातल्या कामाचं विचारा. बैठक घरी असली की किती माणसांचा चहा व्हायचा? दूध-साखर कुठून यायची? सोसायटीचा हिशेब रात्री कशाच्या उजेडात लिहायचे, गावात वीज कधी आली? कुठला दागिना कधी गहाण पडला, सुटला का? आबा तालुक्याला गेले की शेताकडे कोण बघायचं? गावासाठी राबलेल्या माणसाचा खर्च घरातल्या कुणीतरी सोसलेला असतो, आणि तो बहुधा बाईनं सोसलेला असतो. हे पान तुमच्या पुस्तकात नसेल तर पुस्तक अर्धं आहे.

एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. सकाळची वेळ धरा, आणि तीन-चार दिवस लागोपाठ बसा. पहिल्या दिवशी आठवलेलं रात्री मनात घोळतं आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच पुढचं निघतं. हातात एखादा जुना फोटो, दुधाचं माप, पावतीपुस्तक द्या. वस्तू हातात असली की जीभ सुटते. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर विमान मोड लावा, छताचा पंखा बंद करा (ऐकताना सर्वांत जास्त त्रास त्याच घरघरीचा होतो), फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, नाव बोला आणि ‘हे छापलं तर चालेल ना’ हेही रेकॉर्डिंगमध्येच विचारून घ्या. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात, तेव्हा वीस मुलाखतींचा संकल्प करू नका. सात-आठ चांगल्या पुरतात. त्यांत सोसायटीत दूध मोजणारा, वाचनालयाची पेटी उघडणारा, दुष्काळात खडी फोडलेली एखादी बाई आणि आबांच्या विरोधात पॅनल उभं केलेला एक माणूस असावा. हा शेवटचा माणूस बहुतेक कुटुंबं टाळतात. खरे तपशील मात्र त्याच्याकडेच सापडतात, कारण त्यानं प्रत्येक निर्णय नीट लक्षात ठेवलेला असतो.

आता पोती. वाळवीचं पोतं आज फोन करून घराबाहेर काढायला सांगा. वाळवी जमिनीतून, भिंतीतून येते. वारुळाशी असलेली वाट तुटली की कागदातली वाळवी फार काळ जगत नाही. पोतं ओसरीवर, जमिनीला न टेकता, लाकडी फळीवर किंवा बाजेवर उघडावं. उन्हात पसरू नये. कागद वाकतो आणि शाई उडते. मातीचा लेप ओला असेल तर सावलीत वाळू द्यावा आणि मग रंगाच्या मऊ ब्रशनं झाडावा; ओल्यात खरवडला तर अक्षरांसकट निघतो. कागदावर थेट कीटकनाशक फवारू नका, डाग पडतात आणि शाई फुटते. औषध भिंतीला आणि जमिनीला करायचं. बाकीच्या दोन पोत्यांत कसर दिसली तर ते कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची, नाहीतर दंव आतल्या कागदावर धरतं.

कागद लावायची घाई करू नका. कुठल्या पोत्यातून, कुठल्या गठ्ठ्यातून काय निघालं हे आधी वहीत टिपा: पोतं १, गठ्ठा ३, असं. आबांनी जे एकत्र बांधलं त्यामागे काही कारण असतं. १९७३ च्या पावत्यांत मध्येच एक लग्नपत्रिका सापडली तर ती तिथे का, हाही पुरावाच आहे. सगळं काढून ‘पत्रं’, ‘पावत्या’, ‘फोटो’ असे ढीग केले की तो दुवा कायमचा तुटतो. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर करूच नका. लॅमिनेट केलेला कागद परत मोकळा करता येत नाही. क्रमांक मऊ पेन्सिलीनं मागच्या कोपऱ्यात घाला. झाल्यावर कोऱ्या, न रंगवलेल्या मांजरपाटात बांधून लोखंडी कपाटात ठेवा. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालात बांधत ते उगीच नाही; कापडातून हवा खेळते, प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो.

स्कॅन करताना कागदांना ३०० डीपीआय पुरे, फोटोंना ६००, पासपोर्टएवढ्या फोटोंना १२००. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मोबाइलनं काढायचं असेल तर खिडकीशेजारी, उजेड एका बाजूनं येईल असं, फ्लॅश बंद करून. फाइलचं नाव तारखेनं सुरू करा: १९७२-०८-००-०१७ म्हणजे ऑगस्ट १९७२, दिवस माहीत नाही, कागद सतरावा. असं केलं की फाइली आपोआप काळानुसार लागतात. तीन प्रती ठेवा आणि त्यांतली एक गावाबाहेर, तुमच्याकडे.

तारीख नसलेले कागद निम्मे तरी निघतील. तुमच्या भागात मात्र कागद स्वतःच आपलं वय सांगतो, कारण तुमच्या आबांनी गाव न सोडता तीन राज्यं पाहिली: ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद, तिथून ३० एप्रिल १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई, आणि पुढे महाराष्ट्र. अर्जाच्या मथळ्यावर कुठलं राज्य आहे ते पाहा. जिल्हा उस्मानाबाद लिहिला असेल आणि गाव आज लातुरात असेल, तर कागद बहुधा १९८२ च्या आधीचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. त्याआधी पिनकोड नव्हताच. पावतीवर आणे-पै असतील तर सहसा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘न. पै.’ असेल तर १९५७ ते १९६४ मधली, कारण १ जून १९६४ ला ‘नवे’ पैसे नुसते पैसे झाले. आणखी मागे जाल तर ‘हाली’ हा शब्द दिसेल. तो निजामाचा हाली शिक्का; सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले रुपये. पुस्तकात ‘सातशे रुपये देणगी’ छापण्याआधी ते हाली की कलदार ते बघा.

सनाचाही घोळ असतो. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यामधली तारीख असेल तर ७९. फसली (निजामाच्या राज्यातला महसुली सन) असेल तर हैदराबादेत वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यानं सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे फसली १३५६ हे १९४६-४७. काही कागद उर्दूत असतील, काही मोडीत. ते ‘वाचता येत नाहीत’ म्हणून बाजूला टाकू नका. सर्वांत जुना आणि मोलाचा गठ्ठा नेमका तोच असतो. आधी नुसतं शीर्षक, तारीख आणि रक्कम जाणकाराकडून वाचून घ्या आणि संपूर्ण लिप्यंतर कशाचं करायचं ते मग ठरवा.

माणसांच्या आठवणींना सन नसतो, खुणा असतात. ‘लाल मिलो खाल्ली त्या साली’ म्हणजे दुष्काळात परदेशी लाल ज्वारी वाटली ते १९७२-७३. ‘भूकंपाच्या आदल्या वर्षी’ म्हणजे १९९२, कारण भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणजे निजामाच्या हैदराबादवरची भारताची लष्करी कारवाई, सप्टेंबर १९४८. प्रश्न विचारताना सन विचारू नका, खूण विचारा: तेव्हा धाकट्याचं लग्न झालं होतं का? विहिरीवर इंजिन होतं की मोट?

आणि दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती छापण्याआधी संशय घ्या. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजानं तीच तारीख लिहीत. पुस्तकात ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

आता तुमची क्रियापदं.

‘वाचनालय काढलं.’ एकट्यानं संस्था निघत नाही, हे कायद्यातच आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला किमान सात सह्या लागतात. मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंद असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्याच्या कार्यालयात संस्थेच्या नोंदीची, म्हणजे अनुसूची एकची, नक्कल मिळते. ती मागताना ‘चेंज रिपोर्ट’ही मागा: कोण कधी विश्वस्त झाला आणि कधी गेला हे त्यात तारखेसकट असतं. त्या सात नावांमधली बाकीची सहा शोधा. त्यांची घरं अजून गावात असतील आणि आपल्या आजोबाचं नाव पुस्तकात येणार की नाही याकडे त्यांचं लक्ष असेल. वाचनालय शासनमान्य असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मान्यतेचं पत्र, वर्ग (अ, ब, क, ड) आणि दरवर्षीचे अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे असू शकतात. वाचनालयाचं दाखल रजिस्टर मात्र स्वतः बसून चाळा. पहिली शंभर पुस्तकं कुठली घेतली होती, ही यादी आबांबद्दल जितकं सांगेल तितकं दहा लेख सांगणार नाहीत.

‘सोसायटी चालवली.’ चेअरमन म्हणून की सचिव म्हणून? दोन्हींत फार फरक आहे. चेअरमन सभेत बसतो, सचिव पहाटे संकलनाला उभा असतो. प्रोसिडिंग बुकातल्या (सभांच्या इतिवृत्ताच्या वहीतल्या) सह्या बघा. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा प्रवर्तक लागतात. तीही नावं मिळवा. आणि काम कसं चालायचं ते लिहा: दूध लिटरवर घ्यायचे की फॅटवर, सॅम्पलच्या बाटल्या कोण धुवायचं, लॅक्टोमीटर कोणाच्या हातात, पगार (दुधाचा पगारच म्हणतात) दहा दिवसांनी की पंधरा, आणि पाणी घातलेलं दूध परत पाठवायचा अधिकार कोणाला होता. यातल्या शेवटच्या प्रश्नावर गावात अजूनही दोन मतं असतील. दोन्ही नोंदवा.

आता ती बंद पडली त्याबद्दल. मोठ्या काकांचं दुःख समजतं, पण विषय गाळला तर वाचणारा गावकरी पुस्तक मिटून ठेवील, कारण त्याला सोसायटी बंद पडलेली ठाऊकच आहे. शिवाय न लिहिलेल्या जागेत लोक सर्वांत वाईट ते भरतात. लिहा, पण कागदावरून लिहा: शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, अवसायनात काढल्याचा (म्हणजे संस्था गुंडाळायचा) आदेश, अवसायकाचा अहवाल. सोसायटी स्वतः साधारणपणे माहिती अधिकाराखाली येत नाही, मात्र सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाच्या ताब्यातला कागद मागता येतो. अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवस. कागद जुना असल्यानं ‘आढळून येत नाही’ हे उत्तर येऊ शकतं, म्हणून हा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. परिच्छेद एवढाच असावा: कधीपासून संकलन घटलं, येणं किती होतं, देणं किती, ठराव कधी झाला. कोणी पैसे खाल्ले अशी कुजबूज असेल आणि हातात न्यायालयाचा निकाल नसेल, तर नाव लिहू नका, ओळख पटेल असा इशाराही नको. ‘एका तत्कालीन पदाधिकाऱ्याने’ एवढ्यानं गावात माणूस कळतो, आणि बदनामीचा दावा नावाशिवायही होतो. आबांचा एखादा निर्णय चुकला असेल तर तो सरळ लिहा. हिशेबी माणसाच्या पुस्तकात खर्चाची बाजू कोरी असून चालत नाही.

‘शाळेला जागा दिली.’ इथे सर्वांत जास्त कुटुंबं अडखळतात, म्हणून आधी सातबारा बघा. जागा दिल्याची नोंद फेरफारात (गावनमुना सहा) असते. फेरफार क्रमांक सातबाऱ्यावरून मिळतो आणि जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात. त्यात तारीख, क्षेत्र, शेरा सगळं असतं, आणि ‘एक एकर’ असं ऐकलेलं दान बारा गुंठे निघतं किंवा उलटही होतं. गुंठे लिहिल्यानं दान लहान होत नाही. खरी अडचण वेगळीच असते: जागा तोंडी दिली, शाळा उभी राहिली, पिढ्या शिकल्या, आणि सातबाऱ्यावर अजून आबांचंच नाव. स्थावराचं दान नोंदणीकृत बक्षीसपत्राशिवाय कायद्यानं पुरं होत नाही. आबा गेल्यावर ती जमीन आता सगळ्या वारसांच्या नावे लागेल, आत्यांच्यासुद्धा. तसं असेल तर वर्षश्राद्धापर्यंत पुस्तक झालं नाही तरी चालेल, सगळ्यांच्या सह्यांचं बक्षीसपत्र व्हायला हवं. दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी वकिलाकडून मोजणी आणि मुद्रांकाचं समजून घ्या. एक वारस परगावी, एक रुसलेला, एकाचं आधारवरचं नाव वेगळं, यात तीन-चार महिने सहज जातात.

‘दुष्काळात कामं आणली.’ काम एक माणूस आणत नाही; मंजुरी सरकार देतं. आबांनी नेमकं काय केलं? तहसीलला अर्ज नेला, मजुरांची यादी केली, मस्टरवर (मजुरांच्या हजेरीपत्रकावर) खोटे अंगठे पडू दिले नाहीत, पगार थकला तेव्हा माणसं घेऊन गेले, की सुकडी वाटली? प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि यातलं कुठलंही ‘आणली’पेक्षा मोठं आहे. काम कुठलं, तेही शोधा: पाझर तलाव, नालाबंडिंग की रस्त्याची खडी. तलाव अजून असेल तर आज त्यात पाणी किती महिने राहतं ते स्वतः जाऊन बघून लिहा.

पाचवं क्रियापद काकांचं आहे, ‘लढले’. दाखल्यावरचं साल खरं धरलं तर सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी, आबा तेरा-चौदा वर्षांचे होते. त्या वयाच्या पोरांनी निरोप पोचवले, पत्रकं लपवली, कॅम्पवर भाकरी नेल्या, हे मराठवाड्यात घडलेलं आहे. तसं असेल, आणि कुटुंबाबाहेरचा एक तरी माणूस किंवा कागद त्याला दुजोरा देत असेल, तर तेवढंच लिहा. ‘स्वातंत्र्यसैनिक’ ही सरकारी मान्यता आहे. सन्मान निवृत्तिवेतनाचा आदेश किंवा ताम्रपट घरात नसेल तर तो शब्द वापरू नका. गावात खरे पेन्शनर असतील तर पहिला आक्षेप त्यांच्या घरून येईल, आणि एक विधान खोटं निघालं की वाचनालयाच्या पानावरही विश्वास राहत नाही. काकांना हे वाद घालून सांगू नका. प्रत्येक विधानापुढे तीन खुणांपैकी एक करा: कागद आहे, दोन जणांनी वेगवेगळं सांगितलं, एकानंच सांगितलं. तो तक्ता काकांसमोर ठेवा. तिसऱ्या खुणेची विधानं छापायचीच तर ‘अमुक सांगतात’ असं सांगणाऱ्याच्या नावानं जातात.

लेख मागवाल तेव्हा ‘आबांविषयी लिहून द्या’ असं सांगू नका, पंचवीस लेख एकसारखे येतील. ‘तुम्ही स्वतः पाहिलेला एकच प्रसंग, तीनशे शब्द, साल किंवा खूण हवी’ असं सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं घ्या आणि त्यांच्याच बोलीत ठेवा, ‘आलो होतो’चं ‘आगमन केले’ करू नका. पुढाऱ्यांचे लेटरहेडवरचे संदेश छापू नका. पहिली दहा पानं त्यांतच जातात. जाहिराती तर नकोतच. आबांनी इतरांना लिहिलेली पत्रं मिळाली तर त्यांचा हक्क वारसांचा असतो. इतरांनी आबांना लिहिलेल्या पत्राचा कागद तुमचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा, मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या वारसांचा. त्यामुळे आधी विचारा.

आता वेळेचं. सात महिन्यांत, नोकरी सांभाळून, चांगला ग्रंथ होत नाही. वर्षश्राद्धाला अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका काढा आणि ग्रंथ पुढच्या वर्षावर ठेवा. पुस्तिका वाटली गेली की ‘हे चुकलंय’, ‘माझ्याकडे एक फोटो आहे’ म्हणत माणसं येतात आणि ग्रंथाची अर्धी सामग्री त्यातून मिळते. डेमी एक अष्टमांश आकारात अठ्ठेचाळीस पानं म्हणजे सोळा पानांचे तीन फर्मे. पानाला अडीचशे शब्द धरले आणि फोटोंची जागा सोडली तर मजकूर नऊ हजार शब्दांच्या आसपास. आतला कागद ७० किंवा ८० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मधोमध पिना. फोटो मजकुरात विखरू नका. मॅपलिथोवर ते राखेसारखे दिसतात. मधली आठ पानं आर्ट पेपरची घ्या. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं, आणि अनोळखी माणसाला ‘ओळख पटली नाही’ असंच छापा. तीनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई सोयीची, पाचशेच्या वर ऑफसेट परवडतं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि डीटीपीवाला जुना फॉन्ट वापरतो का ते आधीच विचारा. रूपांतरात रफार, ‘र्‍य’ आणि जोडाक्षरं फुटतात, आणि ती नेमकी आडनावांत फुटतात. शेवटचं प्रूफ तुम्ही वाचू नका. तुमच्या डोळ्यांना चूक दिसायची बंद झालेली असते. गावातल्या एखाद्या जुन्या शिक्षकांना द्या, आणि नावं-आकडे यांची वेगळी यादी करून ती मूळ कागदाशी ताडा.

पुतळ्याचं थोडक्यात. सार्वजनिक जागी पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांकडून रीतसर परवानगी लागते, आणि रस्त्यावर, पदपथावर परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. परवानगी मिळालीच तरी त्याची निगा पुढची पन्नास वर्षं कोण राखणार हा प्रश्न उरतोच. धाकट्या काकांना पैसे घालायचेच असतील तर ते वाचनालयाच्या नावे मुदत ठेवीत घाला: एक लाखावर सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार येतात. वाचनालयाशी लेखी अटी करा: व्याज कशावर खर्चायचं, ठराव कोण करणार, वाचनालय बंद पडलं तर ठेव कुठे जाणार. आबांच्या नावानं नवा ट्रस्ट काढू नका. दरवर्षीचा हिशेब, ऑडिट आणि चेंज रिपोर्ट कोणी भरत नाही, आणि पाच वर्षांत ट्रस्टचे फक्त नोटिसांचे कागद उरतात.

कागद परत पोत्यांत जाऊ देऊ नका. मूळ प्रोसिडिंग बुकं, पावतीपुस्तकं संस्थांची असतात, ती पोच घेऊन संस्थेला परत करा. घरगुती कागदांची यादी पुस्तिकेच्या शेवटी एका पानात द्या. त्याच्यासमोरचं पान ‘दुरुस्त्या आणि भर’ एवढ्याच मथळ्याचं, कोऱ्या रेघांचं ठेवा, आणि वाटपाच्या दिवशी वाचनालयाच्या टेबलावर दोरीनं बांधलेल्या पेनासह एक वही ठेवा. पहिल्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी कोणीतरी वाचून काढावी. लिहिणाऱ्यानं नाव टाकलं नसेल तर अक्षर ओळखणारा ग्रंथपाल तिथेच असतो, त्याला विचारा.